भूमध्य समुद्राकाठची सुट्टी: आधी महिना, मग वारा, मग किनारा

भूमध्य समुद्राकाठी आठ-दहा दिवस घालवायचे असे ठरले की बहुतेक घरांत शोधाची सुरुवात छायाचित्रांपासून होते. निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि मागे चुनखडीचा उभा कडा अशी शंभर छायाचित्रे पाहिल्यानंतरही आपल्या कुटुंबाला नेमका कोणता किनारा मानवेल हे कळत नाही, कारण ती जवळपास सगळी वारा पडलेला, गर्दी नसलेली आणि ऊन लख्ख असलेली वेळ साधून टिपलेली असतात. त्याच किनाऱ्यावर दुसऱ्या दिवशी छत्री उभी राहणार नाही इतका वारा असू शकतो, पाणी बघायला सुंदर पण गुडघ्याच्या वर उतरवणार नाही इतके गार असू शकते, किंवा पायाखाली वाळूऐवजी मुठीएवढे गोटे असू शकतात. वीसहून अधिक देशांना किनारा देणाऱ्या या समुद्राकाठी सुंदर जागांची वाण नाही. कस लागतो तो आपल्या तारखांना, आपल्या माणसांना आणि त्या त्या दिवशीच्या वाऱ्याला साजेशी जागा ओळखण्यात. माझ्या मते ही निवड एका ठरावीक क्रमाने केली तर बरीच सोपी होते: आधी महिना, मग वारा आणि किनाऱ्याचे तोंड, मग पाण्याचा तळ, आणि सौंदर्याची तुलना सर्वांत शेवटी.

भरती-ओहोटी जवळपास नसलेला समुद्र

कोकणात किंवा गोव्यात समुद्र पाहत वाढलेल्या माणसाला भूमध्य समुद्र सुरुवातीला थोडा बुचकळ्यात टाकतो, कारण इथे पाणी दिवसभर जवळपास एकाच रेषेवर थांबलेले असते. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरतीचे पाणी साडेचार मीटरच्या पुढे चढते आणि ओहोटीला तेच पाणी पार मागे सरते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटी यांतला फरक ३०-४० सेंटिमीटरच्या आतच राहतो. अटलांटिक महासागराशी या समुद्राचा संबंध केवळ जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून येतो, आणि सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम १४ किलोमीटर रुंद आहे. एवढ्या चिंचोळ्या दारातून महासागराची भरती आत फारशी शिरू शकत नाही, आणि स्वतःची मोठी भरती उभी करण्याइतका हा समुद्र विस्तीर्ण नाही. व्हेनिस जिथे वसले आहे ते एड्रियाटिक समुद्राचे उत्तर टोक आणि ट्युनिशियातील गाबेसचे आखात हे याला ठळक अपवाद आहेत.

सुट्टीच्या दृष्टीने याचे परिणाम बरेच होतात. ओहोटीला उघडी पडणारी घट्ट, ओल्या वाळूची जी रुंद पट्टी आपल्याला फिरायला, धावायला आणि मुलांना क्रिकेट खेळायला मिळते, ती इथे नसतेच. पुळण पुष्कळदा दहा-वीस मीटर रुंदीची असते आणि आरामखुर्च्या पाण्यापासून चार पावलांवर मांडलेल्या असतात. त्यामुळे छायाचित्रात मोकळा दिसणारा किनारा दोनशे माणसे आली तरी भरून जातो. शिवाय भरती दिवसातून दोनदा किनारा धुऊन नेत नाही, म्हणून वाळूत पडलेले सिगारेटचे थोटूक महिनोन्महिने तिथेच राहते आणि त्या गावाची नगरपालिका सफाई किती मनापासून करते याला फार महत्त्व येते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर लहान मुलांना घेऊन बसलेल्या आईवडिलांना पाणी चढत येईल ही धास्ती बाळगावी लागत नाही, ही मोठीच सोय आहे.

पाण्याचा नितळपणाही याच बंदिस्त भूगोलातून येतो. इथे पाऊस आणि नद्या मिळून जेवढे पाणी आणतात त्यापेक्षा जास्त पाणी उन्हाने वाफ होऊन जाते, त्यामुळे एक किलो पाण्यात सुमारे ३८ ग्रॅम मीठ असते, तर महासागरात हे प्रमाण साधारण ३५ ग्रॅम असते. कमी पडलेले पाणी भरून काढण्यासाठी अटलांटिकचे वरचे, पोषणद्रव्ये कमी असलेले पाणी जिब्राल्टरमधून आत येते आणि खोलवरचे जड, खारट पाणी तळाकडून पोषणद्रव्ये घेऊन बाहेर जाते. अन्नच कमी असल्याने पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक कमी वाढतात, प्रकाश खोलवर पोहोचतो आणि पाणी निळे दिसते. पूर्वेकडे, म्हणजे क्रीट आणि सायप्रसच्या बाजूला, ही उपासमार आणखी वाढते आणि तिथले पाणी आणखी गडद निळे होते. आपल्या अरबी समुद्रात पावसाळ्यात खोलवरचे सकस पाणी वर येते आणि नद्या गाळ आणून टाकतात. ज्या हिरवट गढूळपणाला आपण नाके मुरडतो, त्याच्यावरच तारली-बांगड्यांचे थवे पोसले जातात. भूमध्य समुद्राच्या काचेसारख्या पाण्यात डोके घालून मासे शोधणाऱ्याला वाळवंटी तळ दिसला तर त्याने निराश होऊ नये. मासे खडकांजवळ आणि समुद्रगवतात असतात.

आधी महिना

पाणी हवेपेक्षा फार सावकाश तापते आणि सावकाशच निवते, ही साधी गोष्ट विसरली गेल्याने पुष्कळ सुट्ट्यांचा हिरमोड होतो. मे महिन्यात रोम किंवा अथेन्समध्ये ऊन छान असते, फुले फुललेली असतात आणि हॉटेलांचे दर आटोक्यात असतात, पण समुद्राचे पाणी पश्चिमेकडे १७ ते १९ अंश आणि ग्रीसच्या दक्षिणेस १९-२० अंशांच्या आसपास असते. गोव्याचे पाणी ऐन हिवाळ्यातही २७ अंशांच्या घरात असते, हे लक्षात घेतले तर मे महिन्यात स्वीडनमधून आलेली मुले तासभर पोहत असताना आपली मुले काठावर कुडकुडत का उभी राहतात ते समजते. ऑगस्टमध्ये हेच पाणी पश्चिमेकडे २५ अंशांच्या आसपास आणि सायप्रस व तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर २८ अंशांपर्यंत पोहोचते.

महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्यांशी हे गणित जुळवून पाहू. उन्हाळ्याची सुट्टी असलेल्यांनी मे महिन्याच्या आरंभी जाण्याऐवजी सुट्टीचे शेवटचे दिवस, म्हणजे जूनचा पहिला आठवडा निवडावा. तेव्हा सायप्रस, क्रीट आणि ऱ्होड्स येथे पाणी २२-२३ अंशांवर आलेले असते आणि युरोपातील बहुतेक शाळा अजून सुटलेल्या नसतात. त्या दिवसांत इटलीच्या सार्डिनिया बेटाचा किंवा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याचा मोह टाळलेला बरा, कारण तिथे पाणी अजून गारच असते. दिवाळीच्या सुट्टीत नियम आणखी सोपा आहे: जितके पूर्वेला आणि दक्षिणेला जाल तितके उत्तम. ऑक्टोबरच्या शेवटीही सायप्रस आणि तुर्कस्तानातील अंताल्याच्या परिसरात पाणी २३ ते २५ अंश असते, तर स्पेन, इटली आणि क्रोएशियात तोवर पावसाळी वादळे सुरू झालेली असतात. मात्र लहान बेटांवरची हॉटेले, खानावळी आणि बोटींच्या फेऱ्या ऑक्टोबर संपताच बंद होऊ लागतात. दिवाळी नोव्हेंबरात येत असेल तर लहान बेट सोडून सायप्रसमधील पाफोस किंवा अंताल्यासारखे बारमाही नांदते शहर निवडावे.

ज्यांना शाळेचे बंधन नाही त्यांच्यासाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध हा माझ्या मते वर्षातला सर्वांत उत्तम काळ आहे. उन्हाळाभर तापलेले पाणी अजून उबदार असते, युरोपीय कुटुंबे परतलेली असतात आणि वाराही पडू लागतो. गणपतीचे विसर्जन आटोपून निघणाऱ्यांना तर हा मुहूर्त आयताच साधतो. जुलै आणि ऑगस्ट महिने शक्यतो टाळावेत. पारा ४० अंशांवर जाणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि इटलीत १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो सणाच्या आगेमागे जवळपास सगळा देशच समुद्राकडे लोटतो.

वारा आणि किनाऱ्याचे तोंड

या समुद्राकाठी राहणारे लोक सकाळी उठून पहिला प्रश्न विचारतात तो वाऱ्याचा, आणि पाहुण्यांना मात्र त्याची कल्पनाच नसते. वाऱ्यांना इथे नावे आहेत, स्वभाव आहेत आणि ठरलेल्या दिशा आहेत. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा मिस्त्राल मार्सेयच्या परिसराला झोडपून कॉर्सिका आणि सार्डिनियाच्या पश्चिम बाजूवर आदळतो. सहारातून येणारा सिरोको दमट उष्मा आणि कधी तांबूस धूळ घेऊन येतो. क्रोएशियाच्या डोंगरांवरून समुद्राकडे कोसळणारा बोरा थंड आणि झोताझोताने येणारा असतो. सुट्टीवर जाणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वारा म्हणजे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या मधल्या एजियन समुद्रातील मेल्तेमी. तो उत्तरेकडून येतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर असतो, आणि आकाश पूर्ण निरभ्र असतानाही तो सलग चार-पाच दिवस वाहू शकतो, त्यामुळे हवामानाच्या अंदाजात नुसते सूर्याचे चिन्ह पाहून निघालेला माणूस फसतो.

मेल्तेमीचा आपल्या मोसमी पावसाशी नातेसंबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उन्हाळ्यात दक्षिण आशियावर जो कमी दाबाचा प्रचंड पट्टा तयार होतो त्याचे पश्चिम टोक तुर्कस्तानपर्यंत पोहोचते, बाल्कन प्रदेशावर त्याच वेळी दाब जास्त असतो, आणि या दोहोंमधल्या फरकामुळे वारा एजियन समुद्रातून दक्षिणेकडे धावतो. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातील मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स यांनी १९९६ साली दाखवून दिले की भारतावर पडणाऱ्या पावसामुळे वातावरणात जी उष्णता मोकळी होते तिच्या परिणामाने पूर्व भूमध्य प्रदेशावर हवा खाली बसते आणि तिथले आकाश कोरडे, निरभ्र राहते. रत्नागिरीच्या बंदरात पावसाळी बंदीमुळे होड्या ओढून ठेवलेल्या असतात त्याच आठवड्यांत एजियन बेटांवर एक थेंबही पडत नाही, आणि या दोन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या नाहीत.

वाऱ्याची दिशा ठाऊक असली की नकाशा वेगळ्या नजरेने वाचता येतो, कारण कोणत्याही बेटाची एक बाजू वाऱ्याला सामोरी असते आणि दुसरी आडोशाला. सिक्लेड्स द्वीपसमूहातील मिलोस बेट याचे उत्तम उदाहरण आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील साराकिनिको ही जागा पांढऱ्या ज्वालामुखी खडकाच्या गुळगुळीत, वळणदार लाटांनी बनलेली आहे आणि ग्रीसच्या प्रत्येक प्रवासपुस्तिकेत तिचे छायाचित्र असते. परंतु तिचे तोंड नेमके उत्तरेकडे असल्याने मेल्तेमीच्या दिवशी तिथल्या अरुंद खाचेत लाटा घुसळत राहतात आणि पोहणे धोक्याचे होते. त्याच दिवशी, त्याच वेळी, बेटाच्या दक्षिणेला फिरिप्लाका येथे तांबड्या, पिवळ्या, करड्या छटांच्या कड्याखाली पाणी शांत असते आणि पालेओहोरीला समुद्राच्या तळातून येणारी भूगर्भातील ऊब काही ठिकाणी पायाला जाणवते. म्हणून मिलोसला जाणाऱ्याने साराकिनिकोचा दिवस आधी ठरवून ठेवू नये. वारा पडला की पहाटे तिकडे जावे आणि वारा सुटला की दक्षिण गाठावी.

स्पेनच्या मिनोर्का बेटावर तर हा तेथील लोकांचा नित्याचा रिवाजच आहे. उत्तरेचा त्रामुन्ताना वाहत असला की ते दक्षिणेकडच्या पाइनच्या झाडांनी वेढलेल्या, पांढऱ्या वाळूच्या माकारेया किंवा तुर्केतासारख्या चिंचोळ्या खाड्यांत जातात, आणि वारा दक्षिणेचा असला की उत्तरेकडच्या तांबूस वाळूच्या प्रेगोंदा व कावायेरियाकडे वळतात. सार्डिनियात मिस्त्रालच्या दिवसांत पश्चिम किनारा सोडून पूर्वेकडील ओरोसेईच्या आखातात जाणे शहाणपणाचे, कारण मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो. ऐन जुलैत ग्रीसलाच जाणे भाग असेल तर एजियन बेटांऐवजी पश्चिमेकडील आयोनियन समुद्रातील कॉर्फू, केफालोनिया, लेफकाडा ही बेटे पाहावीत. तिथे मेल्तेमी पोहोचत नाही आणि दुपारनंतरचा वारा बहुधा सौम्य असतो. लेफकाडाचे पश्चिमेकडील पोर्तो कात्सिकीसारखे जगप्रसिद्ध किनारे उघड्या समुद्राला सामोरे आहेत आणि तिथे तळ झटकन खोल जातो, हे मात्र लहान मुले बरोबर असल्यास विसरू नये.

ग्रीसमध्ये वाऱ्याचा अंदाज बोफर्ट मापाने सांगितला जातो आणि ते माप समजून घेणे कठीण नाही. तीनपर्यंत सुखद झुळूक, चारला पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात, पाचला म्हणजे ताशी तीसेक किलोमीटरच्या पुढे कोरडी वाळू पोटऱ्यांना टोचू लागते, आणि सहाच्या पुढे वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर बसण्यात अर्थ नसतो. अंदाजात दिशा आणि आकडा असे दोनच शब्द पाहून दिवस ठरवता येतो.

पायाखाली काय आहे

किनाऱ्याचे सुख शेवटी तळव्यांना कळते. भूमध्य समुद्राकाठी मऊ वाळू सर्वत्र असेल ही समजूत चुकीची आहे. नीस शहराचा सुप्रसिद्ध समुद्रकिनारा करड्या गोट्यांचा आहे, क्रोएशियाचा बहुतांश किनारा खडक आणि खड्यांचा आहे, आणि तुर्कस्तानातील ओलुदेनिझच्या निळ्या खाजणाकाठीही पायाला खडेच लागतात. क्रोएशियाच्या ब्राच बेटावरील बोल गावाजवळचा झ्लात्नी रात हा पाण्यात जिभेसारखा घुसलेला खड्यांचा किनारा लाटा आणि वाऱ्यानुसार आपले टोक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला वळवतो. खड्यांच्या किनाऱ्याची बाजूही मांडली पाहिजे: तिथे बारीक गाळ उसळत नसल्याने पाणी अतिशय स्वच्छ दिसते, अंगाला वाळू चिकटत नाही, आणि रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट असले तर त्रास उरत नाही. त्रास असतो तो उताराचा. गोट्यांचे किनारे बहुधा चार-पाच पावलांतच खोल होतात, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी वाळूचा उथळ किनाराच हवा.

असे उथळ किनारे शोधायचे तर सायप्रसमधील निसी आणि फिग ट्री बे, इटलीच्या टाचेवरील पुलिया प्रांतातील पुन्ता प्रोशुत्तो, कॉर्सिकातील सांता जुलिया आणि क्रीटच्या नैर्ऋत्य टोकाचे एलाफोनिसी यांचा विचार करावा. एलाफोनिसीला काही जागी वाळूत गुलाबी छटा दिसते ती समुद्रातील फोरामिनिफेरा नावाच्या सूक्ष्म जिवांच्या तांबूस कवचांच्या चुऱ्यामुळे. सार्डिनियाजवळच्या बुदेल्ली बेटावरची अशीच गुलाबी पुळण पर्यटकांनी मुठी-मुठींनी उचलून नेल्यामुळे इतकी विरळ झाली की १९९० च्या दशकात तिथे पाय ठेवणेच बंद करावे लागले. आज सार्डिनियातून वाळू किंवा शंखशिंपले नेणे हा गुन्हा आहे आणि दंड ५०० ते ३,००० युरो असू शकतो, म्हणून मुलांचे खिसे विमानतळाआधी तपासलेले बरे. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावरील पेरिसा आणि कामारी येथील वाळू ज्वालामुखीची, काळी आहे. दिसायला विलक्षण, पण दुपारी अनवाणी चालवत नाही इतकी तापते.

आता एका गैरसमजाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. किनाऱ्यावर पोहोचताच पाण्याच्या कडेला तपकिरी, चामड्याच्या पट्ट्यांसारख्या पानांचा गुडघाभर ढीग दिसला की बहुतेक प्रवासी किनारा घाणेरडा आहे असे ठरवून माघारी फिरतात. ती पाने पोसिडोनियाची असतात. पोसिडोनिया हे शेवाळ नव्हे; मूळ, खोड, पान, फूल आणि फळ असलेली ती पूर्ण वनस्पती आहे, तिची इथली जात केवळ भूमध्य समुद्रातच आढळते आणि स्वच्छ पाण्यात सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत तिची कुरणे पसरतात. तिची लांब पाने लाटांचा जोर मोडतात, मुळांचे जाळे तळाची वाळू धरून ठेवते, तिच्या आडोशाने मासे अंडी घालतात, आणि शरद ऋतूत गळून किनाऱ्यावर साचलेली पाने हिवाळी वादळांत पुळण वाहून जाण्यापासून वाचवतात. जिथे पर्यटकांच्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून हे ढीग यंत्रांनी उचलले गेले, तिथे त्यांच्याबरोबर वाळूही गेली. काही किनाऱ्यांवर या पानांच्या तंतूंचे लाटांनी वळलेले तपकिरी, केसाळ गोळे सापडतात. हातात घेतले तर ते अगदी हलके आणि कोरडे लागतात.

स्पेनच्या बालेआरिक बेटांपैकी इबिझा आणि फॉर्मेन्तेरा या बेटांभोवतालच्या पोसिडोनिया कुरणांचे महत्त्व ओळखून युनेस्कोने १९९९ साली इबिझाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि बालेआरिक बेटांच्या सरकारने २०१८ मध्ये या कुरणांवर बोटींचे नांगर टाकण्यास मनाई केली. फॉर्मेन्तेराच्या सेस इयेतेस किनाऱ्याचे ज्या पाण्यासाठी कौतुक होते ते पाणी या गवतामुळे नितळ राहिलेले आहे. उपग्रहाच्या नकाशावर किनाऱ्यालगत फिकट निळ्या भागात जे गडद डाग दिसतात ते बहुधा पोसिडोनिया किंवा खडक असतात. फिकट पट्टा जितका रुंद तितका वाळूचा उथळ भाग मोठा, हे घरबसल्या पाहता येते. माझे मत स्पष्ट आहे की पानांचा ढीग असलेल्या किनाऱ्याला नाकारू नये, दहा पावले बाजूला जाऊन पाण्यात उतरावे.

जागा किती जणांना

युरोपीय संघातील देशांत पोहण्याच्या पाण्याची तपासणी ही कायद्याने बंधनकारक आहे. ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकाय या आतड्यांतील जिवाणूंचे प्रमाण मोजून प्रत्येक किनाऱ्याला उत्कृष्ट, चांगला, पुरेसा किंवा वाईट अशी चारांपैकी एक श्रेणी दिली जाते आणि युरोपीय पर्यावरण संस्था ती दरवर्षी नकाशावर जाहीर करते. सायप्रस, ग्रीस, क्रोएशिया आणि माल्टा हे देश त्यात सातत्याने वरच्या स्थानी असतात. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेले आणि २०२० पासून भारतातील काही किनाऱ्यांनाही मिळू लागलेले ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन यापेक्षा वेगळे आहे. त्यात पाण्याबरोबर स्वच्छतागृहे, जीवरक्षक, कचऱ्याची व्यवस्था अशा सोयीही पाहिल्या जातात आणि त्यासाठी गावाने स्वतःहून अर्ज करावा लागतो. म्हणून आजी-आजोबांना घेऊन जाताना हा झेंडा जरूर शोधावा, पण तो नाही म्हणून एखादी दूरची निर्मनुष्य खाडी अस्वच्छ समजू नये. ग्रीसमधील अनेक किनाऱ्यांवर ‘सीट्रॅक’ नावाची सौरऊर्जेवर चालणारी, रुळांवरून थेट पाण्यात उतरणारी खुर्ची बसवलेली आहे. गुडघे साथ देत नसलेल्या माणसाला तिच्यामुळे कोणाचा हात न धरता समुद्रात उतरता येते.

किनारा सर्वांचा की खासगी, हा प्रश्न देशागणिक बदलतो. स्पेनमध्ये १९८८ च्या किनारा कायद्याने सगळे किनारे सार्वजनिक आहेत. इटलीत किनाऱ्याचे मोठमोठे पट्टे छत्र्या-खुर्च्या मांडणाऱ्या व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात आणि तिथे छत्री-खुर्चीचे पैसे मोजल्याशिवाय बसता येत नाही. पाण्यालगतची पट्टी ये-जा करण्यासाठी सर्वांना खुली असते, आणि फुकट बसायचे असेल तर नकाशावर ‘स्पियाज्जा लिबेरा’ असे लिहिलेला भाग शोधावा लागतो. ग्रीसमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरील रहिवाशांनी आपले टॉवेल घेऊन खुर्च्यांच्या अतिक्रमणाविरुद्ध आंदोलन केले, ते इतर बेटांवर पसरले, आणि पुढच्याच वर्षी सरकारने नियम कडक करून १९८ किनाऱ्यांवर छत्र्या-खुर्च्या मांडण्यास पूर्ण बंदी घातली. या किनाऱ्यांवर सावलीही नसते, तेव्हा स्वतःची छत्री आणि भरपूर पाणी बरोबर हवे. आपल्याकडचे सुरूचे बन इथे क्वचितच भेटते, फार तर टॅमारिस्कची चार झाडे असतात.

अतिशय नावाजलेल्या जागांवर आता संख्येची मर्यादा आली आहे आणि ती योग्यच आहे. सार्डिनियातील ला पेलोसा येथे दिवसाला १,५०० जणांनाच आगाऊ नोंदणीने प्रवेश मिळतो, आणि वाळू टॉवेलला चिकटून जाऊ नये म्हणून टॉवेलखाली चटई अंथरणे सक्तीचे आहे. मार्सेयजवळच्या कालांक राष्ट्रीय उद्यानातील सुजितों खाडीत उन्हाळ्यातील ठरावीक दिवशी ४०० जणांची मर्यादा असते. ओरोसेईच्या आखातातील काला गोलोरित्से ही १९६२ च्या दरडीतून तयार झालेली पांढऱ्या खड्यांची चिमुकली पुळण, तिच्या डोक्यावर १४३ मीटर उंचीचा चुनखडीचा सुळका. तिथे दिवसाला २५० जण जाऊ शकतात, बोटींना काठाला लागण्यास मनाई आहे, आणि गोल्गोच्या पठारावरून तासाभराची उतरण पायी उतरावी लागते. उतरताना सोपी वाटणारी ती वाट दुपारच्या उन्हात चढून यायची असते, म्हणून सकाळी लवकरची वेळ घ्यावी आणि माणशी किमान दोन लिटर पाणी ठेवावे. उलट ग्रीसच्या झाकिन्थोस बेटावरील नावाजिओ किनाऱ्यावर, जिथे वाळूत रुतलेले गंजके जहाज आहे, २०२२ मध्ये कड्याचा भाग कोसळल्यापासून उतरू दिले जात नाही, आणि जुन्या लेखांच्या भरवशावर तिकिटे काढणाऱ्यांची तिथे निराशा होते. झाकिन्थोसचेच लागानास आखात आणि तुर्कस्तानातील इझ्तुझु हे किनारे समुद्री कासवांच्या विणीचे आहेत. वेळासला कासवांची पिल्ले पाहिलेल्यांना सांगायला नको की तिथे रात्री जाणे, दिवे लावणे किंवा वाळूत खोल छत्री रोवणे का वर्ज्य असते.

दिवसांची मांडणी

व्हिसाचे गणितही किनारा ठरवते. ग्रीस, इटली, स्पेन, फ्रान्स, माल्टा आणि २०२३ पासून क्रोएशिया हे शेंगेन क्षेत्रात असल्याने एकाच व्हिसावर त्यांत फिरता येते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तुर्कस्तान आणि अल्बेनिया यांचे नियम वेगळे आहेत, आणि सायप्रसला जाणाऱ्यांनी अर्जाआधी त्या देशाचे ताजे नियम तपासावेत.

मात्र एका व्हिसावर चार देश करता येतात म्हणून ते करावेत असे नाही. समुद्राच्या सुट्टीत एकच मध्यम आकाराचे बेट घेऊन, जिथून अर्ध्या-पाऊण तासात उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही किनारे गाठता येतील अशा मध्यवर्ती गावात मुक्काम करावा आणि गाडी भाड्याने घ्यावी. नाक्सोस, मिलोस, मिनोर्का यांवर हे सहज जमते. संख्येची मर्यादा असलेल्या जागेची नोंदणी एका दिवसापुरती करावी, उरलेले दिवस मोकळे ठेवावेत आणि रोज सकाळी वारा पाहून किनारा ठरवावा. वारा फार वाढला की ग्रीसमध्ये बंदर अधिकारी बोटींच्या फेऱ्या थांबवतात आणि त्या एक-दोन दिवसही सुरू होत नाहीत. परतीचे विमान अथेन्सहून असेल तर आदली रात्र बेटावर न काढता अथेन्समध्येच काढावी.